बघवेल इतकंच आजारपण

मेकअपदादाच्या हातून आजवर भरपूर माणसं मेली. कुणी गोळी लागून, कुणी पाण्यात बुडून, कुणी छातीच्या दुखण्यानं, आणि काही तर नुसत्या प्रेमभंगानं. तरुणपणी तोही सगळ्यांसारखे नट्यांचे गाल गुलाबी करायचा, पण पुढं त्याचं नाव झालं ते मरणासाठी. सिनेमात कुणी अंथरुणाला खिळणार असलं की निर्मात्याचा पहिला फोन त्याला जायचा. सेटवरचे लोक चेष्टेनं म्हणायचे, "दादा पेटी घेऊन आपल्याकडे वळला की समजावं, आपलं काही खरं नाही." दादाही हसायचा. त्या थट्टेत त्याला आपल्या कामाची पावती मिळायची.

आणि काम खरंच नाजूक होतं. धडधाकट माणसाला आजारी करायचं म्हणजे पांढरी पावडर फासून भागत नाही. कानशिलं खोल गेल्यासारखी दिसावीत म्हणून तिथं करडी सावली धरायची, गालफडाखाली तीच जरा गडद करायची, डोळ्यांभोवती अगदी फिकट जांभळा, आणि ओठांतलं रक्त काढून घ्यायचं. तेही इतक्या हलक्या हातानं की कॅमेरा नाकाला येऊन भिडला तरी रंग दिसता कामा नये. एवढा जीव ओतल्यावर दिग्दर्शक मान वाकडी करून म्हणणार, "दादा, जरा जास्त झालं. आजारी दिसू दे, पण बघवेल इतकीच." पहिल्या पहिल्यांदा दादाला याचा राग यायचा. मग सवय झाली, आणि ते ‘बघवेल इतकंच’ त्याच्या बोटांत मुरलं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे तो एक सिनेमा. नायिकेचं शरीर हळूहळू निकामी होत जातं, आणि शेवटी ती डॉक्टरच्या मदतीनं, आपल्या मर्जीनं मरण पत्करते. उघड्या खिडकीतून समुद्र, हलणारे पांढरे पडदे, मागे व्हायोलिन, उशीवर नीट पसरलेले केस. ती नटी दोन शॉटच्या मध्ये बिस्किटं खायची, आणि दादा तिच्या ओठांवरचा चुरा टिपून तिला पुन्हा मरायला बसवायचा. सिनेमा तुफान चालला. दादाला बक्षीस मिळालं. आणि जिकडंतिकडं एकच वाद पेटला. असाध्य दुखण्यातल्या माणसाला असं सुटायची मुभा कायद्यानं द्यावी की नाही? एका बाजूचे लोक म्हणायचे, बघा, किती शांतपणे गेली ती! दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, हे सिनेमावाले मरणाची जाहिरात करतात. दोघंही बोट दाखवायचे ते त्या उशीवरच्या चेहऱ्याकडे, आणि तो चेहरा कुणी केला हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दादाला याची गंमत वाटायची. त्याचं स्वतःचं या विषयावर काहीच मत नव्हतं. त्याचं मत फक्त पावडरीच्या शेडबद्दल असायचं.

सिनेमा बघायला त्यानं ताईला नेलं होतं. ताई त्याची थोरली बहीण, आणि जगात त्याला ‘छोट्या’ म्हणणारी एकुलती एक बाई. तिचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी तिनं शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यात गाठून त्यांच्या चुका सांगितल्या होत्या. लग्न तिनं केलं नाही. "शेजारी बसलेल्याला सूचना द्यायची मला सवय, नवरा टिकला नसता," असं म्हणून ती मोकळी व्हायची. खेळ संपला तेव्हा सगळं थिएटर डोळे पुसत होतं आणि ताई पर्समध्ये किल्ली शोधत होती.

"कसा वाटला?" दादानं विचारलं.

"छान होता की. एवढी आजारी बाई, पण एकदाही कुणाला तिला संडासला न्यावं लागलं नाही. तशी नशीबवानच म्हणायची."

यावर दोघं गाडीत बसेपर्यंत हसत राहिले.

पुढं बऱ्याच वर्षांनी ताईलाच तसं दुखणं जडलं. आधी इग्निशनची किल्ली फिरवताना बोटं दगा देऊ लागली, मग क्लचवरचा पाय. डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि औषधाचं नाव काही सांगितलं नाही, तेव्हाच ताईला काय ते कळलं. तिनं स्कूल विकलं. दादाची बायको जाऊन बराच काळ झाला होता, मूलबाळ नव्हतं. त्यानं ताईला आपल्या घरी आणलं, पुढच्या खोलीत खिडकीशी तिचा पलंग लावला आणि बाहेरगावची कामं घेणं बंद केलं.

मग तो शिकत गेला. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, की दोघांच्याही कमरेला इजा होणार नाही. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करायचं, नाहीतर ठसका लागतो. एक घास, मग थांबायचं, मग पुढचा. मानेला पट्टा. रात्री कूस बदलणं. ताईची जीभ जड होत गेली तसं तिचं बोलणं बाहेरच्यांना कळेनासं झालं. नर्स यायची, तीही गोंधळायची. दादाला मात्र शब्दन् शब्द कळायचा. तो तिचं वाक्य जसंच्या तसं, तिच्याच वतीनं ‘मी’ म्हणून पुढच्याला सांगायचा. "मला चहा नको, कालचा तुमचा चहा भिकार होता," असं दादा नर्सला गंभीरपणे सांगायचा आणि ताई डोळ्यांनी हसायची. तिचे डोळे तेवढे पहिल्यासारखे राहिले होते.

एक दिवस टीव्हीवर बातमी आली. आपल्या मर्जीनं मरायची मुभा देणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार झाला होता, त्यावर विचार करायला समिती नेमली होती, आणि समिती जाहीर सभेत लोकांचं म्हणणं ऐकणार होती.

"मला जायचंय," ताई म्हणाली.

"कुठं?"

"तिथं. बोलायला."

"कशाला? नसती उठाठेव. तुला कायद्याचं काय करायचंय?" दादाचा आवाज चढला. ताईसमोर त्याचा आवाज आयुष्यात फारसा चढला नव्हता, त्यामुळं दोघंही जरा दचकले.

"मला काय करायचंय ते तुला ठाऊक आहे, छोट्या."

ठाऊक होतंच. म्हणून तर तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवत बसला. त्याला काय म्हणायचं होतं ते अगदी साधं होतं: तू गेलीस तर मी या घरात कुणाशी बोलू? पण साठी ओलांडलेल्या पुरुषानं हे तोंडानं म्हणायचं कसं? त्यानं आठवडाभर वेगवेगळी कारणं काढली. लिफ्ट नसेल. गर्दी असेल. तुला धाप लागेल. ताईनं प्रत्येक कारण शांतपणे ऐकून घेतलं. शिकाऊ माणूस गिअरशी झगडत असला की ती अशीच वाट बघत बसायची.

"तू आला नाहीस तर माझं बोलणं सांगणार कोण?" ती शेवटी म्हणाली. "आणि तिथं टीव्हीवाले असणार. मला जरा नीट करून ने. नाक चमकायला नको."

त्या सकाळी दादानं पेटी उघडली. त्याच्या मनात काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर ज्या क्रमानं त्यानं माणसं आजारी केली होती, तोच क्रम त्यानं उलटा लावला. ताईच्या खोल गेलेल्या कानशिलांवर उजळ रंग भरून ती वर आणली. गालफडाखालची सावली पुसून तिथं ऊब आणली. डोळ्यांखालचा काळेपणा असा झाकला की कुणी झोपून उठल्यासारखं वाटावं. ओठांना रक्त दिलं. मानेचा पट्टा दिसू नये म्हणून रेशमी स्कार्फ बांधला. हात चालत होते आणि मनात एकच घोकणं चाललं होतं: तिथं बसलेल्या एकाही माणसाला हिला जाऊ द्यावंसं वाटता कामा नये. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत सुंदर काम झालं, असं मला तरी वाटतं. आणि सर्वांत दुष्टही.

"आरसा," ताई म्हणाली.

दादानं आरसा धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"अय्या," ती म्हणाली, "ही तर मी."

तिला ते आवडलं. हेही सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं त्यात तिचाही एवढासा वाटा होता.

सभागृह मोठं होतं. समोर लांब टेबलाशी समितीचे सदस्य, मधोमध अध्यक्षबाई, बाजूला प्रत्येक शब्द टिपणारी लघुलेखिका. जो बोलेल त्याचा चेहरा मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर दिसायचा. ताईच्या आधी चाकाच्या खुर्चीतला एक वकील कायद्याच्या विरोधात बोलला, आणि फार चांगलं बोलला. "सिनेमात माझ्यासारखा माणूस शेवटी मरतोच," तो म्हणाला. "तो उदार मनानं मरतो, म्हणजे बाकीचे मोकळे होतात. तुम्ही रडता, डोळे पुसता, आणि सुटल्यासारखे घरी जाता. मला कुणी विचारत नाही की बाबा, तुला घरात शिरायला उतार आहे का? कामावर जायला बस आहे का? आधी माझ्या जगण्याची सोय करा, मरणाची घाई कसली?" दादानं जोरात टाळ्या वाजवल्या. ताईच्या हातांना ते जमण्यासारखं नव्हतं, पण ती म्हणाली, "खरं बोलतोय."

मग ताईची पाळी आली. दादानं तिची खुर्ची माईकपाशी नेली, कान तिच्या तोंडाजवळ धरला आणि रीतीप्रमाणे तिची वाक्यं तिच्या वतीनं सांगू लागला. आपण गाडी शिकवायचो, आपल्याला काय झालंय, पुढं काय होणार आहे. दादा त्यात एक अक्षर इकडंतिकडं करत नव्हता. त्याची गरजच नव्हती. मागे पडद्यावर ताईचा चेहरा असा झळकत होता की ऐकणाऱ्यांच्या कानांवर त्यांच्या डोळ्यांचा विश्वास बसेना.

टेबलाच्या टोकाशी एक वयस्क सदस्य होते, भले गृहस्थ. ते पुढं झुकून म्हणाले, "बाई, राग मानू नका. तो सिनेमा मी पाहिलाय. त्या मुलीकडे बघताना पोटात तुटायचं हो. वाटायचं, सुटू दे बिचारीला. पण तुमच्या चेहऱ्यावर केवढं तेज आहे! तुमच्यासारखीनं उलट दुसऱ्यांना उमेद द्यायची. खरं की नाही?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. दादाचे हात मात्र उठले नाहीत. बिस्किटं खाणारी ती नटी यांना आजारी वाटली होती, आणि ताई वाटत नव्हती. दोन्ही चेहरे त्याचेच.

ताईनं नजर वळवून पडद्याकडे पाहिलं. सकाळी आरशात दिसली होती तीच बाई तिथं भिंतभर झाली होती. मग तिनं दादाकडे पाहिलं, आणि तो नजर चुकवतोय हे तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं त्याला ओळखणाऱ्या बहिणीला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"पूस," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला. तिचं बोलणं गिळून टाकण्याची ती पहिलीच वेळ.

ताईनं सगळा दम एकवटला. घशातून निघालेला तो आवाज माईकनं पकडला आणि सभागृहभर घुमवला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी तोंडावर हात ठेवला.

"‘पूस’ म्हणतेय," दादा कसाबसा म्हणाला. "चेहरा पूस म्हणतेय. हे सगळं मी केलंय. मेकअपचं काम करतो मी. त्या सिनेमातल्या मुलीचं आजारपणही मीच केलं होतं. ती ठणठणीत होती."

दादानं सोबत आणलेल्या पेटीतून क्रीम आणि कापूस काढला. स्कार्फ सोडला. कपाळापासून सुरुवात केली. आजवर त्यानं आजार वरून चढवला होता, इथं एकेक बोळा फिरत होता तसतसा तो आतून वर येत होता. कानशिलं आत गेली. डोळे खोबणीत बसले. गालांची कातडी हाडावर नुसती ठेवल्यासारखी. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार आली आणि ती टिपायला दादाचा हात नेहमीच्या सवयीनं गेला, पण ताईनं डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं. राहू दे, दिसू दे. पडद्यावर ते सगळं भिंतीएवढं दिसत होतं. ते बघवत नव्हतं. त्या भल्या गृहस्थांनी चष्मा काढला, काचा पुसायच्या आहेत असं दाखवलं, आणि बराच वेळ पुसत राहिले.

"आता विचारा," ताई म्हणाली आणि दादानं ते सांगितलं.

अध्यक्षबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला... लवकर मरायचंय का?"

ताई थांबत थांबत बोलली, दादा मागून एकेक वाक्य सांगत गेला.

"‘आज नाही. शिकवायच्या गाडीत माझ्या पायापाशीही एक ब्रेक असायचा. मी तो क्वचित दाबला. पण तो होता म्हणून मी कुणाच्याही शेजारी निर्धास्त बसले, अगदी आंधळ्यासारखं चालवणाऱ्याच्याही. आता गाडी दुखणं चालवतंय, आणि माझ्या पायाखाली काहीच नाही. रात्रभर मी त्याच भीतीनं जागी असते. मला ब्रेक हवाय. दाबेनच असं नाही.’"

चाकाच्या खुर्चीतला वकील म्हणाला, "ताई, मला तुमच्याबद्दल शंका नाही. पण उद्या माझ्या पायाखालचा ब्रेक माझ्या घरच्यांनी दाबला तर?"

"‘तुमची भीती खरी आहे,’" दादा तिच्या वतीनं म्हणाला. "‘तो फक्त तुमच्याच पायाला लागावा असा कायदा करता येतो की नाही, मला माहीत नाही. नाही आला, तर करू नका. पण माझ्याकडे बघून ठरवा. सिनेमा बघून नको.’"

वकिलानं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

मग अध्यक्षबाई दादाकडे वळल्या. "आणि तुमचं स्वतःचं म्हणणं काय?"

"मला हा कायदा नको," दादा म्हणाला. कापसाचा मळका बोळा अजून त्याच्या मुठीत होता. "आहे तो जीव मी सांभाळतोय ना? उचलतो, भरवतो. माझी कधी तक्रार आहे? हिला कशाची कमी पडू देत नाही मी. हिला मी जगवीन."

ताई पुन्हा बोलू लागली. दादानं कान जवळ नेला. या वेळी ती फार वेळ बोलली, मध्ये दम खाल्ला, पुन्हा बोलली. तिचं संपलं तरी दादा वाकलेलाच राहिला.

"काय म्हणाल्या त्या?"

दादानं मान हलवली. नाही सांगता येणार.

"छोट्या," ताई म्हणाली. एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

त्यानं माईक ओढला, आणि इतकी वर्षं ज्या रीतीनं तो तिचं बोलणं पोहोचवत आला होता त्याच रीतीनं, ‘मी’ म्हणून, तो सांगू लागला.

"‘रोज सकाळी मी ठरवते, आता पुरे. आता खायचं बंद करायचं. तेवढं तर माझ्या हातात आहे. मग हा चमचा घेऊन येतो, फुंकर मारून निववतो, आणि मी तोंड उघडते. मला भूक नसते. हा मागं एकटा पडेल म्हणून उघडते. याला वाटतं, हा मला जगवतोय.’"

लघुलेखिकेची बोटं थांबली होती. तिनं अवघडून विचारलं, "हे... हे नोंदवायचं का? की हे घरचं, खासगी..."

"नोंदवा," दादा म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही. "तिचं म्हणणं आहे. जसंच्या तसं लिहा."